शरदातील पितरांचे दिवस: पितृपक्ष आणि मेक्सिकोची वेदी एकाच कुटुंबात कशी सांभाळावी?

अंगणवेल (सॅन अँटोनियो, टेक्सास)

नमस्कार. आम्ही राहतो त्या शहरात मेक्सिकन वंशाचे लोक फार मोठ्या संख्येने आहेत आणि ऑक्टोबर संपत आला की शाळा, वाचनालये, दुकाने अशा सगळीकडे मृतांच्या स्मरणार्थ वेदी मांडल्या जातात. त्यांना इथे ‘ओफ्रेंदा’ म्हणतात. माझ्या मुलाच्या वर्गातही अशी वेदी मांडली जाणार असून प्रत्येक मुलाने आपल्या घरातील एखाद्या दिवंगत व्यक्तीचे छायाचित्र आणावे, असे शिक्षिकेने कळवले आहे. मुलाला त्याच्या आजोबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, छायाचित्र न्यायचे आहे. वडिलांचे श्राद्ध माझा भाऊ साताऱ्याला पितृपक्षात करतो.

आईला मात्र ही कल्पना रुचलेली नाही. पितर पंधरवड्यात येऊन, जेवून, तृप्त होऊन गेले; आता दिवाळीच्या तोंडावर त्यांना पुन्हा बोलावू नये, आणि तेही साखरेच्या कवट्यांच्या शेजारी, असे तिचे म्हणणे आहे. २०२४ मध्ये तर महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगांप्रमाणे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरलाच आले होते, त्यामुळे तिची अडचण मला समजते. मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. आपल्या परंपरेत याला खरोखर बाध येतो का? आणि जगातल्या इतक्या लोकांनी मृतांसाठी याच ऋतूतले दिवस राखले असतील, तर त्यांचे भाव एकमेकांपासून इतके वेगळे का?

पोथीवाचक (वाई)

ताई, तुमच्या आईंचा आक्षेप आपल्या रीतीतूनच आलेला आहे, म्हणून आधी त्याचा विचार करतो.

भाद्रपद वद्य पक्ष हा महालयाचा काळ. (उत्तरेत पौर्णिमेला महिना संपतो, त्यामुळे त्याच पंधरा दिवसांना तिकडे आश्विनाचा कृष्ण पक्ष म्हणतात; दिवस तेच असतात.) ज्याची जी मृत्युतिथी, त्या तिथीला त्याचे श्राद्ध होते. सवाष्ण गेलेल्या स्त्रियांसाठी नवमी, शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी चतुर्दशी, आणि ज्यांची तिथी कोणालाच ठाऊक नाही त्या सर्वांसाठी अमावास्या. वार्षिक श्राद्धापेक्षा महालयाचा पैस पुष्कळ मोठा असतो. त्यात आईवडिलांच्या दोन्हीकडच्या तीन पिढ्यांबरोबर काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरू, शिष्य आणि मित्र यांचेही नाव घेऊन पिंड दिले जातात, आणि शेवटी ज्यांचे कोणीच उरले नाही त्यांच्यासाठी धर्मपिंड ठेवला जातो. ज्याचे नाव आपल्याला माहीत नाही, ज्याच्याशी आपले काही नाते नाही, त्याच्या वाट्याचा घास वेगळा काढून ठेवणारा हा भाग मला संपूर्ण विधीतला सर्वांत मोठ्या मनाचा वाटतो, आणि दुर्दैवाने घाईघाईने उरकल्या जाणाऱ्या श्राद्धांत तोच पहिल्यांदा गाळला जातो.

या पंधरवड्यात लग्न, मुंज, वास्तुशांत होत नाही, म्हणून लोक त्याला अशुभ म्हणू लागले. माझ्या मते हा समज चुकीच्या बाजूने तयार झाला आहे. मंगलकार्ये बाजूला ठेवली जातात ती घर दुसऱ्या कर्तव्यात गुंतलेले असते म्हणून. श्राद्ध हे स्वतः पुण्यकर्मच मानले गेले आहे.

आता पितर केव्हा परततात, हा प्रश्न. आश्विन वद्य चतुर्दशी आणि अमावास्येच्या संध्याकाळी, म्हणजे ऐन दिवाळीत, धर्मग्रंथांनी उल्कादर्शन सांगितले आहे. हातात पेटता चूड धरून म्हणावयाच्या मंत्राचा भावार्थ असा, की यमलोक सोडून महालयात जे आले होते, त्यांना या उजळ ज्योतीने आपली वाट दिसो आणि ते परत जावोत. म्हणजे ग्रंथांच्या दृष्टीने सर्वपित्री अमावास्येला पितर गेलेले नसतात; त्यांना निरोप दिवाळीत दिला जातो. आकाशकंदिलाचा संबंधही अनेक जण याच विधीशी जोडतात. दिवाळीच्या सुमारास पितरांचे नाव काढणे आपल्याकडे निषिद्ध असते, तर हा विधी तिथे कसा आला असता? आईंना हे जरूर सांगा.

केशरी झेंडू (पुणे)

कामानिमित्त माझे मेक्सिकोत बरेच वास्तव्य झाले, त्यामुळे तिकडच्या बाजूचे थोडे लिहिते.

ओफ्रेंदावर जे मांडतात त्याला प्रत्येकी कारण असते. लांबच्या प्रवासाने तहान लागलेली असेल म्हणून पेलाभर पाणी, शुद्धीसाठी मीठ, वाटेवर उजेड पडावा म्हणून मेणबत्त्या, कोपालच्या डिंकाचा धूप, त्या माणसाला जे आवडत असे ते जेवण, आणि या दिवसांत मुद्दाम भाजला जाणारा गोड पाव. सगळ्यांत महत्त्वाचे फूल ‘सेंपासूचिल’, म्हणजे आपला झेंडू. हे झाड मूळचे मेक्सिकोकडचेच. अमेरिका खंडाशी युरोपीय लोकांचा संबंध आल्यानंतर ते भारतात पोहोचले आणि आज त्याच्या तोरणाशिवाय आपला दसरा होत नाही. तिथे त्याच्या पाकळ्यांची वाट दारापासून वेदीपर्यंत घालतात, कारण त्याच्या रंगाने आणि उग्र वासाने मृतांना घर सापडते अशी श्रद्धा आहे. आपल्या श्राद्धात मात्र लाल आणि उग्र वासाची फुले वर्ज्य. तिथे माका, तुळस आणि पांढरी फुले चालतात.

१ नोव्हेंबरला लहान मुलांचे आत्मे येतात आणि २ नोव्हेंबरला मोठ्यांचे, असे बहुतेक ठिकाणी मानतात. अल्पवयात गेलेल्या मुलांसाठी वेगळा, मोठ्यांच्या आधीचा दिवस ठेवण्यामागचे मन मला फार जवळचे वाटले. त्यांच्या वेदीवर तिखट पदार्थ ठेवत नाहीत. खेळणी आणि मिठाई ठेवतात.

साखरेच्या कवट्यांची आईंना भीती वाटू देऊ नका. त्यांच्या कपाळावर पुष्कळदा जिवंत मित्राचे नाव लिहून ती भेट म्हणून दिली जाते. हॅलोविनशी हा सण जोडणे तिथल्या लोकांना आवडत नाही. तसेच हा नुसता जल्लोष आहे, असा बाहेरच्यांचा समज असतो तोही अपुरा आहे. मेक्सिको शहरातली प्रचंड मिरवणूक २०१६ पासूनची, आणि तिची कल्पना आदल्या वर्षीच्या एका इंग्रजी चित्रपटातील दृश्यावरून आली. खेड्यांत मात्र कुटुंबे रात्रभर कबरीपाशी बसतात, जपमाळ म्हणतात, रडतात, जेवतात आणि गेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगतात. काम्पेचे राज्यातील पोमुच या गावी तर दफनानंतर काही वर्षांनी हाडे बाहेर काढून, दरवर्षी स्वच्छ पुसून, नव्या भरतकाम केलेल्या कापडावर ठेवतात. पहिल्यांदा ऐकताना मी दचकले होते. परंतु अस्थी गोळा करण्यासाठी स्मशानात गेलेल्या कोणालाही ते हात ओळखीचे वाटतील.

बावखलकाठ (वसई)

वर मेक्सिकोचे वर्णन वाचले. आम्ही ख्रिस्ती; आमचा धर्म तोच, तारीखही तीच, तरीही वसईतला २ नोव्हेंबर बराच वेगळा असतो, म्हणून लिहावेसे वाटले.

पाऊस संपल्यावर दफनभूमीत गुडघाभर गवत माजलेले असते. ऑक्टोबरच्या अखेरीस कुटुंबे तिथे जाऊन गवत काढतात, क्रूस धुतात, कबरींना रंग देतात. त्या दिवशी मिस्सा होते, धर्मगुरू कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात आणि संध्याकाळी सगळीकडे मेणबत्त्या लागतात. पण आम्ही मृतांना जेवायला बोलावत नाही. आमच्या शिकवणुकीप्रमाणे शुद्धिस्थानातील, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी पापांची शुद्धी होत असलेल्या, आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेची गरज असते, अन्नाची नसते. हा दिवस दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने आपल्या मठांसाठी ठरवला आणि तिथून तो सर्वत्र पसरला. त्याच्या आदल्या दिवशी सर्व संतांचा सण असतोच. ज्यांच्यासाठी प्रार्थना करणारे कोणी नाही अशा आत्म्यांचीही आम्ही या महिन्यात आवर्जून आठवण करतो. धर्मपिंडाविषयी वाचताना मला तेच आठवले.

अन्न अगदीच नाही असेही नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांत लग्नाआधी दिवंगत पूर्वजांच्या नावाने गरिबांना जेवण घालण्याची रीत आहे. मृतांच्या वाट्याचे अन्न तिथे जिवंत भुकेल्याच्या पानात पडते. शेजारच्या हिंदू घरातील म्हाळाशी या रीतीचे नाते उघड दिसते, मग शिकवणूक काहीही असो.

मला जाणवलेला मुख्य फरक असा, की जिथे दफन करतात तिथे मृतांना पत्ता असतो, आणि जिथे दहन करतात तिथे तिथी असते. आम्ही आजीला भेटायला एका ठरावीक जागी जातो. त्यामुळे आमचा दिवस सगळ्या गावाचा एकच असला तरी चालतो. तुमच्याकडे राख नदीत गेल्यावर माणसाचे जे शिल्लक राहते ते पंचांगातली एक तिथी, म्हणून तिचे एवढे महत्त्व, आणि ती विसरली जाण्याची एवढी धास्ती. भावांतील फरक मला यातूनच सुरू झालेला दिसतो. कबरीपाशी जाणे म्हणजे भेटीला जाणे. तिथीला पान वाढणे म्हणजे पाहुण्याची वाट पाहणे, आणि पाहुणा आला की नाही हे कावळ्याने सांगेपर्यंत घरातल्या कोणाच्याही जिवाला स्वस्थता नसते. अर्थात आमचा पत्ताही कायमचा नसतो. मुंबईतील अनेक चर्चच्या दफनभूमींत जागेअभावी काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्यासाठी उघडावी लागते आणि आधीच्या अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात हलवतात.

विस्तुलातीर (वॉर्सा)

पत्ता आणि तिथी हा भेद पोलंडमध्ये राहताना मला २०२० मध्ये स्पष्ट दिसला. इथे १ नोव्हेंबरला सार्वजनिक सुट्टी असते आणि जवळपास अख्खा देश आपापल्या गावच्या दफनभूमीकडे निघतो. कबरींवर शेवंतीची फुले आणि काचेच्या आवरणातले दिवे ठेवतात. कम्युनिस्ट राजवटीनेही हा दिवस मोडला नाही. त्याला धर्माशी संबंध नसलेले नाव तेवढे दिले. त्या वर्षी मात्र करोनामुळे सरकारने ३० ऑक्टोबरला जाहीर केले, की दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस सर्व दफनभूमी बंद राहतील. शेवंती उगवणाऱ्यांचे इतके नुकसान झाले, की त्यांची न विकलेली फुले सरकारने विकत घेतली. पैशाची भरपाई झाली, पण माझ्या वृद्ध शेजाऱ्यांना घरात बसून काय करावे हेच उमगत नव्हते. ज्या स्मरणाला जागाच लागते, ते जागा बंद झाल्यावर घरात आणता येत नाही.

ऋतुचक्र (नागपूर)

मूळ प्रश्नातील एका गृहीतकाला माझी हरकत आहे. शरद ऋतू आणि मृतांचे स्मरण यांचे नाते सर्वत्र असते, असे नाही. प्राचीन रोममध्ये पूर्वजांचे दिवस फेब्रुवारीत येत आणि अस्वस्थ आत्म्यांना शांत करण्याचे मे महिन्यात. चिनी लोक कबरी साफ करतात तो मुख्य दिवस एप्रिलच्या सुरुवातीला, ऐन वसंतात असतो. खुद्द मेक्सिकोत स्पॅनिश लोक येण्यापूर्वीचे मृतांचे दोन सण साधारण ऑगस्टच्या सुमारास होत. दिएगो दुरान या धर्मगुरूने सोळाव्या शतकात लिहून ठेवले आहे, की स्थानिक लोक आता सर्व संतांच्या दिवशी मुलांसाठी आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यांसाठी नैवेद्य ठेवतात, आणि जुनेच सण नव्या तारखांना सरकवले गेले असावेत असा त्याला संशय आहे. म्हणजे तारखा चर्चच्या. त्या स्वीकारणाऱ्यांचे मन मात्र पूर्वीचेच.

दक्षिण गोलार्धात तर बोलिव्हिया आणि पेरू येथे २ नोव्हेंबर वसंतात येतो. तरीही तिथला हा सण केवळ आयात केलेला म्हणता येत नाही, कारण ग्वामान पोमा या पेरूतील स्थानिक लेखकाच्या सतराव्या शतकाच्या आरंभीच्या बखरीत इंका लोकांचा नोव्हेंबर हाच मृतांना बाहेर काढून मिरवण्याचा, त्यांना खाऊ घालण्याचा महिना दाखवलेला आहे.

मला ऋतूपेक्षा पिकाचे कारण अधिक पटते. धान्य घरात येऊ लागले, की त्यावर पहिला हक्क कोणाचा हा प्रश्न शेतकऱ्यासमोर उभा राहतो, आणि ज्यांनी ती जमीन कसायला घेतली त्यांचा हक्क कोणालाच नाकारता येत नाही. जिथे पीक शरदात येते तिथे पितरही शरदात येतात. सर्व उदाहरणे या एका कारणात बसतात असा माझा दावा नाही; रोमचे फेब्रुवारीतले दिवस त्यात बसत नाहीतच.

मेकाँगवारा (सध्या मुंबई)

या चर्चेत कंबोडिया यायलाच हवा, कारण आपल्या पितृपक्षाचा सख्खा भाऊ तिथे आहे आणि महाराष्ट्रात त्याची फारशी कोणाला कल्पना नाही.

तिथला ‘प्चुम बेन’ हा काळ पंधरा दिवसांचा असतो आणि तोही भाद्रपदाच्या वद्य पक्षातच येतो. महिन्याचे ख्मेर, म्हणजे तिथल्या भाषेतले, नावही भाद्रपदावरूनच आलेले आहे. लोक बौद्ध आहेत. या पंधरा दिवसांत यमलोकाची दारे उघडतात आणि भुकेले प्रेतात्मे आपल्या नातलगांना शोधत फिरतात, असे मानले जाते. ते सात विहारांत जाऊन पाहतात, आणि कुठेच आपल्या नावाने काही ठेवलेले आढळले नाही तर दुःखाने शाप देतात. सर्वसाधारण पितरांना अन्न भिक्षूंच्या मार्फत पोहोचते. परंतु ज्यांची पापे फार मोठी, त्यांना उजेड सोसत नाही, म्हणून लोक पहाटे तीन-चारच्या सुमारास उठून, अंधारात विहाराभोवती फिरत, तीळ घातलेल्या चिकट भाताचे गोळे जमिनीवर टाकतात. तीळ, भात, गोळा, भाद्रपद, अमावास्या: एवढे साम्य योगायोगाने येत नाही. भारतातून गेलेला विधी तिथल्या मातीत बौद्ध होऊन रुजला, हे उघड आहे.

पण मी लिहायला बसलो ते साम्यासाठी नव्हे. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीत तिथे सुमारे १७ लाख ते २० लाख माणसे मेली, म्हणजे देशाच्या लोकसंख्येचा जवळपास चौथा हिस्सा. विहार बंद झाले, भिक्षूंना चीवर उतरवायला लावले, आणि माणसे सामूहिक खड्ड्यांत गाडली गेली. बावखलकाठ यांनी पत्ता आणि तिथी असे दोन आधार सांगितले; त्या देशात असंख्य घरांकडे आपल्या माणसाचा पत्ताही नाही आणि तिथीही नाही. आईला कोणत्या गावी नेले, ती कोणत्या महिन्यात गेली, हे सांगणारे कोणी उरले नाही. अशा घरांना हे पंधरा दिवस आधार देतात, कारण इथे तारीख विचारली जात नाही आणि प्रेतही दाखवावे लागत नाही. विहारात जाऊन नाव लिहून द्यायचे, भिक्षू ते मोठ्याने वाचतात. आपल्या सर्वपित्री अमावास्येची तरतूद ज्यांनी केली, त्यांच्यासमोरही युद्धात, दुष्काळात, साथीत, यात्रेत नाहीसे झालेले लोक असणार. म्हणून मला वाटते, की शुभ-अशुभाच्या चर्चेत आपण या पंधरवड्याचा हा अर्थ हरवू देऊ नये.

हानकाठ (सोल)

दक्षिण कोरियाविषयी थोडक्यात, आणि स्वयंपाकाच्या बाजूने, कारण तो विषय अजून कोणी काढलेला नाही. इथे आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला ‘चुसॉक’ असतो. आधी कुटुंबातले लोक डोंगरावरील कबरींचे गवत कापतात आणि सणाच्या सकाळी पूर्वजांपुढे नव्या तांदळाचे पदार्थ, फळे आणि मद्य मांडतात. पूर्वज नवऱ्याचे आणि आदल्या दिवसभर तळण काढणाऱ्या सुना परक्या घरच्या, यावरून इथे घराघरांत वर्षानुवर्षे धुमसत आले आहे. २०२२ मध्ये कन्फ्यूशियन परंपरेची अधिकारी मानली जाणारी ‘सोंग्युनग्वान’ ही संस्था स्वतः पुढे आली आणि तेलातले पदार्थ मांडणे आवश्यक नाही, मोजकेच पदार्थ पुरेत, असे तिने जाहीर केले. आपल्याकडे वडे, खीर, कढी, अळू, भेंडी, गवार, कारले, चटण्या यांचे पान पहाटेपासून उभे राहून करणाऱ्या बायकांसाठी असे कोणी अधिकाराने बोलेल का? शिवाय इथे दहनाचे प्रमाण आता ९० टक्क्यांच्या वर गेले आहे, त्यामुळे गवत कापायला कबरीच उरल्या नाहीत अशी कुटुंबे वाढत आहेत. पत्ता जाऊन तिथी येण्याचा बदल इथे डोळ्यांसमोर होतो आहे.

अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. उल्कादर्शनाविषयी आईला सांगितले. तिने आजोळी पेटते चूड फिरवताना पाहिले होते, परंतु त्याचे कारण तिला कोणी सांगितले नव्हते. छायाचित्र द्यायला ती आता तयार आहे. मात्र तिने नवीनच प्रश्न विचारला: नुसते छायाचित्र ठेवून काय उपयोग, मुलाने आजोबांसाठी काही करायला नको का? इथे जवळपास गुरुजी नाहीत, पितृपक्षही संपला आहे, आणि मुलाची मुंज झालेली नाही.

पोथीवाचक

आईंनी योग्य तेच विचारले आहे.

आधी हानकाठ यांना उत्तर देतो. अधिकाराने बोलणारे आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेले. सबंध स्वयंपाक शक्य नसेल तर आमश्राद्ध, म्हणजे कोरडा शिधा द्यावा. तेही न जमल्यास हिरण्यश्राद्ध, म्हणजे दक्षिणा द्यावी. तेही नसेल तर गाईला मूठभर गवत घालावे. विष्णुपुराणात तर इथपर्यंत सांगितले आहे, की ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने वनात जाऊन दोन्ही हात वर करावेत आणि माझ्याजवळ धन नाही, पितर माझ्या भक्तीने तृप्त होवोत, असे म्हणावे. पदार्थांची यादी वाढवत नेली ती आपण, म्हणून ती कमी करण्यासाठीही कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.

अंगणवेल ताई, आईच्या वडिलांसाठी नातवाचा स्वतंत्र दिवस आपल्या पंचांगात आहे: आश्विन शुद्ध प्रतिपदा, म्हणजे घटस्थापनेचाच दिवस. ज्याचे स्वतःचे वडील हयात आहेत अशा नातवाने, मुंज झालेली नसली तरी, त्या दिवशी आजोबांचे श्राद्ध करावे असे सांगितले आहे. पुढच्या वर्षीसाठी हे लक्षात ठेवा. यंदाही वेळ टळलेली नाही. पितृपक्षात जमले नाही तर महालय सूर्य वृश्चिक राशीत जाईपर्यंत करता येतो, आणि पंचांगांत ‘महालय समाप्ती’ अशी नोंद त्या दिवशी असते. तो दिवस नोव्हेंबरच्या मध्यावर येतो. म्हणजे मेक्सिकोचे २ नोव्हेंबर आपल्या महालयाच्या मुदतीतच पडतात. त्या दिवशी सकाळी मुलाच्या हातून आजोबांच्या नावाने तांदूळ, डाळ, पीठ, तूप, गूळ असा शिधा तिथल्या एखाद्या गरजू कुटुंबाला किंवा अन्नछत्राला देववा, आणि नंतर त्याला छायाचित्र घेऊन शाळेत जाऊ द्या. आजोबांचे गोत्र आणि नाव त्याला आधी पाठ करवून घ्या, म्हणजे शिधा देताना त्याला ते स्वतःच्या तोंडाने उच्चारता येईल.